भंगारातले ॲल्युमिनियम घरी ओतताना

वडोदरा शहराच्या उत्तर भागात समा ही निवासी वस्ती आहे. तिथून निघणारा समा-सावली रस्ता शहराबाहेर पडून सावली तालुक्याकडे जातो आणि त्याच दिशेला मंजुसरची औद्योगिक वसाहत आहे. एकीकडे बंगले आणि गृहनिर्माण संस्था, दुसरीकडे यंत्रांचे कारखाने. अशा पट्ट्यात ॲल्युमिनियमचे भंगार साचायला वेळ लागत नाही. बदललेल्या खिडक्यांच्या पट्ट्या, बूड गेलेली पातेली, निकामी झालेला कुकर, दुचाकीच्या इंजिनाचे तुकडे असे काहीबाही माळ्यावर जमत जाते. ते किलोच्या भावाने भंगारवाल्याला देण्याऐवजी स्वतःच वितळवून त्याचे काहीतरी करावे, हा विचार हात चालवण्याची आवड असलेल्या कोणाच्याही मनात येऊ शकतो. चित्रफितींत तर हे काम पोरखेळ वाटते. पत्र्याची एक बादली, थोडा कोळसा, केस वाळवण्याचे यंत्र, आणि बघता बघता चांदीसारखा चमकणारा रस! गोव्यातल्या वाचकालाही हा मोह अपरिचित नसेल.

या उद्योगात आग पेटवणे हा सर्वांत सोपा भाग आहे. भट्टीत काय टाकले जाते आणि ते किती कोरडे आहे, या दोन गोष्टींवर बाकी सारे अवलंबून असते. हात भाजेल की नाही, वस्तू टिकेल की तुटेल, इतकेच नव्हे तर ती वापरणाऱ्याच्या पोटात विष जाईल की नाही, हेसुद्धा तिथेच ठरते.

वडोदरा मराठी माणसाला परके नाही. गायकवाडांच्या या राजधानीत सयाजीराव महाराज तिसरे यांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे तिचे पहिले प्रमुख. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले दादासाहेब फाळके त्याच सुमारास इथे दाखल झाले आणि त्यांनी शिल्पकलेचे व छायाचित्रणाचे धडे घेतले. पुढे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवनाची परंपरा त्याच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत चालू राहिली. १९५० मध्ये याच विद्यापीठात ललित कला विद्याशाखा निघाली. तिथल्या शिल्पविभागाची जडणघडण शंखो चौधुरी यांनी केली. त्याच परंपरेतले राघव कनेरिया यांनी साठच्या दशकात भंगार धातूचे तुकडे एकमेकांना सांधून केलेली शिल्पे भारतीय आधुनिक शिल्पकलेत नावाजली गेली. भंगाराकडे कच्चा माल म्हणून पाहण्याची दृष्टी या शहरात अशी दोन्ही बाजूंनी, कारखान्यातून आणि कलाशाळेतून, रुजलेली आहे.

ओतकामाची विद्या अर्थात याहून कितीतरी जुनी. महाराष्ट्रात ती ओतारी समाजाकडे पिढीजात चालत आली, तर गोव्यात डिचोलीच्या कांसारांनी पितळी समया आणि दिवल्यांतून ती जपली. मूस, भाता, साचा, ओतीव हे शब्द त्यांच्याच कामातून आपल्या भाषेत आले. ‘एकाच मुशीतून घडलेले’ असे आपण सहज लिहून जातो, पण मूस हे प्रत्यक्षात धातू वितळवायचे भांडे आहे हे लिहिणाऱ्याच्याही ध्यानात नसते.

ॲल्युमिनियमच का?

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते. तांब्याला १०८५ आणि लोखंडाला १५३८ अंश लागतात. घरगुती भट्टीच्या आवाक्यात येणाऱ्या रोजच्या धातूंपैकी ज्याची मजबूत, हलकी आणि उपयोगी वस्तू होऊ शकते असा हाच एक. एक किलो ॲल्युमिनियम थंड अवस्थेपासून ओतण्याच्या तापमानाला नेण्यासाठी लागणारी उष्णता सुमारे ११ लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी. चांगल्या लोणारी कोळशाच्या हिशेबात ती चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. प्रत्यक्षात मात्र किलोमागे अर्धा किलो किंवा त्याहूनही जास्त कोळसा जळतो, कारण बहुतेक उष्णता भट्टीच्या तोंडातून आणि भिंतींतून निसटते.

नव्या धातूचा खर्च यापुढे प्रचंड आहे. चार ते पाच टन बॉक्साइटपासून दोन टन अल्युमिना आणि त्यापासून एक टन ॲल्युमिनियम मिळते. अल्युमिनापासून धातू वेगळा काढताना किलोमागे साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. भंगार वितळवले तर मूळ ऊर्जेच्या पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत काम होते. आपल्या शेजारी बेळगावला हिंदाल्कोचा अल्युमिना प्रकल्प आहे. कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या पठारांवर सापडणारे बॉक्साइट म्हणजे आपल्या जांभ्या चिऱ्याचेच जवळचे नातेवाईक. घरातल्या फुटक्या पातेल्यामागे एवढा डोंगर आणि एवढी वीज आधीच खर्च झालेली असते, म्हणून ते फेकून न देणे शहाणपणाचे. ते स्वतःच वितळवणे शहाणपणाचे आहे का, हा वेगळा प्रश्न.

भंगार ओळखणे

सगळे ॲल्युमिनियम सारखे नसते, ही या कामातली पहिली शिकवण. बाजारात मिळणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू मिश्रधातूची असते आणि ओतण्यासाठी घडवलेले मिश्रण वेगळे, पत्रा व पट्ट्या काढण्यासाठी केलेले वेगळे. खिडकीच्या पट्ट्या सामान्यतः ६०६३ या क्रमांकाच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अगदी थोडे. ही पट्टी स्वच्छ असते, सहज मिळते, पण तिचा रस साच्याच्या कोपऱ्यापर्यंत धावत नाही आणि थिजताना वस्तूला चिरा पडतात. विजेच्या तारेतले ॲल्युमिनियम जवळजवळ शुद्ध, साडेनव्याण्णव टक्के. वाहक म्हणून उत्तम, ओतायला वाईट.

ओतकामाला हवे असते सिलिकॉन. ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास असले की मिश्रण ५७७ अंशांनाच वितळते आणि पाण्यासारखे वाहते. वाहनांची चाके साधारण सात टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूची असतात, इंजिनाचे पिस्टन बारा टक्क्यांच्या आसपासचे, तर गिअरबॉक्सची झाकणे आणि दुचाकीचे ओतीव भाग बहुधा दहा-बारा टक्के सिलिकॉन व थोडे तांबे असलेल्या एडीसी १२ सारख्या धातूचे. तेव्हा जी वस्तू मुळात ओतलेली आहे तीच पुन्हा ओतावी, हा सोपा नियम. तुकडा मोडून पाहिला तरी कळते. ओतीव धातू तटकन तुटतो आणि आत राखाडी, रवाळ दिसतो, तर पट्टी वा पत्रा वाकतो, लवकर तुटत नाही.

शीतपेयांच्या डब्यांचे आकर्षण नवशिक्यांना फार, कारण ते फुकट मिळतात. प्रत्यक्षात त्यांच्याइतके निराश करणारे भंगार दुसरे नाही. डबा अतिशय पातळ, त्यावर बाहेरून रंग आणि आतून प्लास्टिकचा लेप. तापताच त्याच्या पृष्ठभागाचे ऑक्साइड होते आणि मुशीत रसापेक्षा मळीच जास्त उरते. शिवाय डब्याचे अंग एका मिश्रधातूचे आणि झाकण दुसऱ्या. गोव्यात किनाऱ्यावर अशा डब्यांचा तोटा नाही, पण ते पुनर्चक्रणाच्या मोठ्या कारखान्यांकडे गेलेलेच बरे. तिथे ते दाबून, लेप जाळून, बंद भट्टीत वितळवतात.

भंगाराच्या जागतिक व्यापारात या प्रकारांना ठरलेली सांकेतिक नावे आहेत आणि भारतातले मोठे व्यापारीही ती वापरतात. मिसळलेल्या ओतीव वस्तू म्हणजे ‘टेन्स’, जुना स्वच्छ पत्रा म्हणजे ‘टेंट टेबर’, यंत्रात चिरडलेले मिश्र भंगार म्हणजे ‘झोरबा’. नावे गमतीची वाटली तरी त्यांमागचा हेतू गंभीर आहे. कोणते भंगार कोणत्या भट्टीत जावे याचा निर्णय भट्टी पेटण्याआधी झाला पाहिजे.

ॲल्युमिनियमसारखे दिसणारे पण ॲल्युमिनियम नसलेले तुकडे अधिक धोक्याचे. जस्ताच्या मिश्रधातूच्या मुठी, खेळण्यांतल्या गाड्या, काही नळ हातात घेताच जड लागतात, कारण त्यांची घनता ॲल्युमिनियमच्या अडीच पट असते. जस्त ४२० अंशांना वितळते आणि फार तापले तर पांढरा धूर सोडते. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. मॅग्नेशियम याहून फसवे. काही हत्यारांची, यंत्रांची आणि वाहनांची हलकी आवरणे त्याची असतात. ते पेटले तर डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या ज्वाळेने जळते आणि त्यावर पाणी टाकले तर आग भडकते. शंका असेल तर तुकडा कानशीने घासून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे येतात, ॲल्युमिनियमवर येत नाहीत.

बंद पोकळी असलेली कोणतीही वस्तू भट्टीत टाकू नये. दुचाकीचे शॉक अब्सॉर्बर, फवाऱ्याचे डबे, दोन्ही टोके दाबलेल्या नळ्या, पंख्याचे कपॅसिटर यांच्यात अडकलेली हवा, तेल वा पाणी तापून फुगते आणि वस्तू फुटते.

पाणी

ओतशाळेत सर्वांत जास्त भीती आगीची नसते, पाण्याची असते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान साधारण १,७०० पटींनी वाढते. वितळलेल्या धातूच्या पृष्ठभागावर एखादा थेंब पडला तर तो चुरचुरून उडून जातो. तोच थेंब धातूच्या खाली सापडला तर त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि डोक्यावरचा सारा रस तो क्षणात उडवून देतो. शिवाय तप्त ॲल्युमिनियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेऊन हायड्रोजन मोकळा करते. मोठ्या कारखान्यांतल्या कित्येक भीषण स्फोटांचे मूळ ओल्या भंगारात होते.

म्हणून अर्धी भरलेली मूस तापत असताना तिच्यात थंड, दमट तुकडा टाकायचा नाही. प्रत्येक तुकडा आधी भट्टीच्या काठावर चांगला तापवून मगच आत सोडायचा. मळी काढायचा पळा, चिमटा, उरलेला रस ओतायचे लोखंडी साचे, सगळे आधी तापवून घ्यायचे. नव्या ग्रॅफाइटच्या मुशीतही हवेतला ओलावा मुरलेला असतो. ती सावकाश, रिकामी तापवल्याशिवाय वापरली तर तडकते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला आलेल्या पुराचे पाणी समासह वडोदऱ्याच्या मोठ्या भागात शिरले होते. अशा पुरात सापडलेल्या वस्तू वरून वाळलेल्या दिसल्या तरी त्यांच्या घड्यांत, नळ्यांत आणि चिखलाच्या पापुद्र्याखाली ओल महिनोन्महिने राहते. गोव्यात तर पुराची वाट पाहायला नको. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि बाराही महिने समुद्राची दमट हवा. जून ते सप्टेंबर हा उद्योग बंद ठेवणे हेच बरे. उघड्यावर, पावसाच्या एका सरीच्या भरवशावर, कोणीही मूस हातात घेऊ नये.

जमिनीचाही विचार हवा. काँक्रीट कोरडे दिसले तरी त्याच्या पोटात पाणी असते. सांडलेला रस त्यावर पडला की वरचा थर फटाक्यासारखा उडतो. आपल्या अंगणातला चिरा सच्छिद्र असतो आणि ओल धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्याही अंगावर भट्टी मांडणे धोक्याचे. भट्टी आणि साचा यांच्याखाली व भोवती निदान चार बोटे जाडीचा कोरड्या वाळूचा थर असावा. आग विझवण्यासाठीही जवळ कोरड्या वाळूच्या बादल्याच ठेवाव्यात, पाण्याची बादली अजिबात नको. इमारतीच्या गच्चीवर किंवा सज्जात हे काम करणे म्हणजे वरून काँक्रीट आणि खालून शेजारी, अशा दोन्ही संकटांना आमंत्रण.

भट्टी आणि मूस

भट्टीचे तत्त्व सोपे आहे. पत्र्याच्या पिंपाला आतून उष्णतारोधक अस्तर, तळाजवळ हवेसाठी लोखंडी नळी, वर भोक असलेले झाकण. हवेची नळी भिंतीला स्पर्श करणाऱ्या तिरक्या कोनात लावली की आच मुशीभोवती गोल फिरते. अस्तरासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस आणि वाळू यांचे मिश्रण सर्वत्र सुचवले जाते. ते स्वस्त आहे, पण थोड्याच वापरानंतर भुगा होऊन पडते. भट्टीच्या विटा आणि उष्णतारोधक सिमेंट थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे. नवे अस्तर काही दिवस वाळवून, मग मंद आचेवर तापवून पक्के करायचे असते. इथेही घाई केली की आतल्या ओलीची वाफ होऊन तुकडे उडतात.

कोळशाऐवजी गॅस वापरला तर तापमान आवरायला सोपे जाते. मात्र स्वयंपाकाचा घरगुती सिलिंडर अशा कामाला जोडणे नियमबाह्य आहे. कोळसा असो वा गॅस, काम मोकळ्या हवेतच, कारण जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

लोखंडी डब्याची मूस करण्याचा मोह टाळावा. वितळलेले ॲल्युमिनियम लोखंड हळूहळू विरघळवते. डबा आतून झिजत जातो आणि नेमका उचलताना बूड सोडतो. ते विरघळलेले लोखंड रसात उतरून ओतीव वस्तू ठिसूळही करते. चिकणमाती आणि ग्रॅफाइटची तयार मूस बाजारात मिळते, तिच्या मापाचा चिमटाही घ्यावा.

तापमानाबाबत डोळ्यांवर विसंबता येत नाही. लोखंड तापले की लाल होते, ते पाहून माणूस दूर राहतो. ॲल्युमिनियमचा रस ओतण्याच्या तापमानालाही दिवसाउजेडी चांदीसारखा, थंड वाटावा असा दिसतो. नुकतीच थिजलेली वस्तू तर अगदीच निरुपद्रवी भासते आणि कित्येकांचे हात तिथेच भाजतात. लांबून तापमान दाखवणारे अवरक्त किरणांचे यंत्र या चकचकीत पृष्ठभागावर फसते आणि खूपच कमी आकडा दाखवते. रसात बुडवायचा थर्मोकपल वापरावा. ओतण्यासाठी ७०० ते ७५० अंश पुरेसे असतात. त्यापुढे तापवले तर फायदा काही नाही, नुकसान मात्र आहे. ते कसे, हे पुढे येईल.

अंगावर सुती कपडे, कारण कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते. चामड्याचे पूर्ण बंद बूट, विजारीचे पाय बुटांच्या बाहेरून, चेहऱ्यावर पूर्ण ढाल, हातात चामड्याचे लांब मोजे. चित्रफितींमध्ये चपला घालून ओतणारे दिसतात. त्यांचे नशीब त्यांच्यापाशी.

वाळूचा साचा

ओलाव्याची इतकी धास्ती घेतल्यावर वाचकाला हे वाचून नवल वाटेल की ओतकामाचा सर्वांत प्रचलित साचा ओलसर वाळूचाच असतो. बारीक सिलिका वाळूत वजनाने आठ-दहा टक्के बेंटोनाइट माती आणि तीन ते पाच टक्के पाणी मिसळले की तिला आकार धरून ठेवण्याचे बळ येते. हे बेंटोनाइट मुख्यतः कच्छमधून येते. इथे पाणी कणाकणावर पसरलेले असते आणि त्याची वाफ वाळूच्या छिद्रांतून निघून जाते. पाणी एकाच जागी साठले किंवा प्रमाण वाढले की हाच साचा स्फोटक होतो. जुनी परीक्षा अशी की मूठभर वाळू दाबून तिचा मुटका करावा. तो मधोमध मोडल्यावर कडा धारदार राहिल्या आणि हाताला ओल लागली नाही, तर वाळू बरोबर. किनाऱ्यावरची वाळू मात्र घेऊ नये. तिच्यातले मीठ हवेतले पाणी ओढत राहते.

लाकडी नमुना दोन पेट्यांच्या मध्ये दाबून साचा करतात. वरच्या व खालच्या पेटीतली वाळू एकमेकींना चिकटू नये म्हणून मध्ये शंखजिऱ्याची भुकटी भुरभुरावी. नमुन्याच्या बाजूंना किंचित उतार हवा, नाहीतर तो काढताना साचा ढासळतो. नमुना वस्तूपेक्षा थोडा मोठाही लागतो, कारण थिजलेले ॲल्युमिनियम थंड होताना मीटरमागे सुमारे १३ मिलिमीटर आक्रसते. द्रवाचा घन होतानाचे आक्रसणे तर याहून मोठे, आकारमानाने सहा-सात टक्के. ती तूट भरून काढण्यासाठी जाड भागाच्या वर रसाचा एक साठा ठेवतात, त्याला कारागीर रायझर म्हणतात. तो वस्तूच्या नंतर थिजला पाहिजे. नवशिक्याच्या वस्तूला मधेच पडणारी खोल खळी बहुतेक वेळा रायझरच्या अभावाची असते.

थर्माकोलचा नमुना कोरड्या वाळूत पुरून थेट त्यावर रस ओतण्याची पद्धतही आहे. रस थर्माकोल जाळत त्याची जागा घेतो. साचा कोरडा राहतो हा तिचा मोठा गुण, आणि निघणारा काळा, विषारी धूर हा मोठा दोष.

ओतल्यावर

ॲल्युमिनियमच्या रसावर हवेच्या स्पर्शाने क्षणात ऑक्साइडची साय येते. ही साय स्वतः दोन हजार अंशांपुढेही वितळत नाही. ती खालच्या रसाचे रक्षण करते, म्हणून रस उगाच ढवळू नये. ओतण्याच्या आधी एकदाच ती बाजूला करावी आणि एका संथ, अखंड धारेने ओतावे. उंचावरून ओतले तर साय घड्या पडून आत जाते आणि पुढे वस्तू नेमकी त्या घडीवर तुटते.

वस्तू कापल्यावर आत टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसली तर दोष हायड्रोजनचा. ओलावा, तेल, रंग यांतून तो रसात शिरतो. द्रव ॲल्युमिनियम घन ॲल्युमिनियमच्या सुमारे वीस पट हायड्रोजन सामावून घेते. थिजताना तो बाहेर पडू पाहतो आणि अर्ध्या वाटेत अडकतो. रस जितका तापवावा तितका हायड्रोजन जास्त, म्हणूनच गरजेपेक्षा अधिक तापवू नये. कारखान्यांत नत्र किंवा आरगॉन वायू रसातून सोडून तो काढतात. काही ठिकाणी क्लोरिनयुक्त गोळ्या वापरतात, त्यांचा धूर घरी कोणी घेऊ नये. घरगुती ओतकामात स्वच्छ, कोरडे भंगार आणि बेताचे तापमान हाच उपाय.

अशी वस्तू शोभेची मूर्ती, दाराची मूठ, यंत्राचे चाक, झाडाच्या कुंडीची बैठक म्हणून उत्तम. जिच्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे अशी वस्तू, उदाहरणार्थ दुचाकीच्या ब्रेकचा दांडा, शिडीची पायरी किंवा दाबाखालचे काहीही, घरच्या भट्टीतून काढू नये.

स्वयंपाकाची भांडी नकोत

इथे थोडे थांबायला हवे, कारण या उद्योगातला सर्वांत गंभीर धोका भट्टीजवळ दिसत नाही. एकदा रस हाती आला की कढई, तवा, आप्पेपात्र ओतून पाहावे असे कोणालाही वाटते. ॲल्युमिनियमची भांडी आपल्या ओळखीची आहेत. आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत ही भांडी घडवायला सुरुवात केली आणि तिथून ती देशभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचली. पण त्या भांड्यांचा धातू कुठून आला हे माहीत असते. भंगाराचे तसे नसते.

भंगारात शिसे अनेक वाटांनी येते. यंत्रावर सहज कापता यावेत म्हणून काही ॲल्युमिनियम मिश्रधातूंत ते मुद्दाम घातलेले असते. डाखाचे तुकडे, बॅटरीची टोके, चाकांच्या समतोलाची वजने, जुने रंग यांतूनही ते मिसळते. शिसे ३२७ अंशांनाच वितळते आणि थोड्या प्रमाणात ॲल्युमिनियमच्या रसात उतरून तिथेच राहते. वरून भांडे चकचकीत असते. रंग, वास, चव यांपैकी कशावरूनही ते ओळखू येत नाही.

कॅमेरूनमध्ये भंगारापासून ओतलेल्या भांड्यांवरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या भांड्यांतून आम्लात शिसे उतरत असल्याचे त्यात दिसले. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात झालेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ आणि ‘हिंडालियम’ वा ‘इंडालियम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूंच्या भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते असा इशारा दिला. त्यांतली काही भांडी भारतात बनलेली होती. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि तो भरून निघत नाही.

आपल्या स्वयंपाकात तर हा प्रश्न अधिक टोकदार. आंबट पदार्थात धातू जास्त उतरतो आणि गोव्याचे हुमण असो, आमसुलाचे सार असो की चिंचेचे तिखले, आंबटाशिवाय आपला स्वयंपाक पुढे सरकत नाही. तेव्हा भंगारातून ओतलेले भांडे शिजवण्यासाठी नको, वाढण्यासाठी नको आणि पाणी साठवण्यासाठीही नको. बाजारात भांडे घेताना भारतीय मानक ब्यूरोची खूण पाहावी. ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० हे मानक आहे आणि ती खूण सक्तीची करणारा केंद्र सरकारचा आदेश २०२४ मध्ये निघाला. आठवडी बाजारात तोलून मिळणाऱ्या बिनखुणेच्या ओतीव कढया कोणत्या भंगारातून आल्या, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

ज्यांना हे काम खरोखर शिकायचे आहे त्यांनी आधी चालू ओतशाळेत चार दिवस उभे राहून पाहावे. गोव्याला सर्वांत जवळ बेळगाव आणि कोल्हापूर. दोन्ही शहरे ओतशाळांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचे मुख्य काम लोखंडाचे असले तरी वाळू, साचा आणि ओतण्याची शिस्त तीच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘फाउंड्रीमन’ हा स्वतंत्र अभ्यासक्रमही आहे.

काम संपल्यावर दोन गोष्टी उरतात. पहिली मळी. ती ओली झाली की अमोनियाचा उग्र वास येतो आणि ती तापतेही, म्हणून थंड झाल्यावर झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावी आणि भंगारवाल्याला तशी सांगून द्यावी. दुसरा उरलेला रस. तो मुशीत थिजू दिला तर पुढच्या वेळी फुगून मूस फोडतो, म्हणून तापवलेल्या लोखंडी साच्यांत ओतून त्याच्या लहान विटा कराव्यात. प्रत्येक विटेवर खिळ्याने खूण कोरावी. चाकाची असेल तर चाक, पिस्टनची असेल तर पिस्टन, आणि कशाची हे माहीत नसेल तर फुली.